अक्कांच्या बडगीची सुधारणा

वस्तू मजबूत करणं हा माझा व्यवसाय असल्यामुळे आमच्या घरात एकही वस्तू धड नाही.

हे मी तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे टब, घमेली आणि क्रेट बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी मालाचे गुण सुधारण्याचं काम करतो. नुसतं प्लास्टिक असं काही नसतंच. त्यात खडूची पूड घातली की ते ताठ होतं, रबर घातलं की चिवट होतं आणि दोन्ही घातलं की विक्रीवाले भांडायला येतात. दिवसभर हेच केल्यावर माणूस घरी येतो, तेव्हा डोकं काही कारखान्याच्या गेटवर ठेवून येत नाही. (जेवणाचा डबा ठेवून येतो. तो मी बऱ्याचदा विसरतो.)

त्यामुळे घरात मला जिकडेतिकडे सुधारणेला वाव दिसतो. विळीची धार टिकत नाही असं दिसल्यावर मी तिचं पातं गॅसवर लालभडक केलं आणि गार पाण्यात बुडवलं. पोलाद असं कडक होतं. झालंही. इतकं कडक झालं, की दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं, म्हणजे रेखानं, त्यावर डांगर चिरायला घेतलं आणि पात्याचं टोक डांगरातच राहिलं. मिक्सरचं नायलॉनचं चाक झिजत होतं, ते मी चहाच्या पातेल्यात उकळून काढलं. नायलॉन उकळलं की चिवट होतं. ते चाक आजही शाबूत आहे. त्या पातेल्यातला चहा मात्र पुढे कोणीच प्यायलं नाही, म्हणून पातेलं मोलकरणीला दिलं. तिनंही ते परत आणून दिलं.

"एक मला तेवढं सुधारायला घेतलं नाही तुम्ही," रेखा म्हणते, "एवढंच माझं नशीब."

अशा घरात अक्कांची बडगी आली.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. रावेरजवळच्या खेड्यात केळीची शेती, मोठं खटलं, आणि अक्कांचा शब्द तिथे शेवटचा. रेखासुद्धा आईला अक्काच म्हणते. गावातला प्रत्येक माणूस म्हणतो. बडगी म्हणजे लाकडाचा ओंडका कोरून केलेलं खोलगट भांडं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी तिच्यात घालायची, वर मिरची-लसूण टाकायचा आणि लाकडी मुसळानं ठेचायचं. आमच्याकडे हिवाळ्यात या भरिताशिवाय माणूस माणसाकडे जेवायला जात नाही. अक्कांची बडगी अंजनाच्या लाकडाची होती, त्यांच्या सासूकडून त्यांना आलेली, आणि गावात कुठेही भरीत असलं की आधी ती मागायला माणूस यायचा. "अक्काच्या बडगीतलं भरीत" असं लोक म्हणायचे. वांगी कोणाचीही असोत.

आता रीत अशी, की लेकीला सोनं जातं आणि बडगी सुनेला जाते. रेखाला लहानपणापासून सोन्यापेक्षा बडगी हवी होती. हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. कारण बोलून उपयोग नव्हता. पण रेखाचा भाऊ विकास, त्याच्या बायकोनं एकदा वांगी मिक्सरमधून काढली, आणि अक्कांनी ते पाहिलं. त्यानंतरच्या भाऊबीजेला त्यांनी सगळ्यांसमोर बडगी उचलून रेखाच्या मांडीवर ठेवली.

"घिऊन जाय," त्या म्हणाल्या. "पन माह्यं आयकून घे. मी हिवायात येईन. बडगी राबती दिसली तं तुह्यी. टीव्हीखाली शोभेले ठिवेल दिसली, तं उचलून परत घिऊन जाईन."

जळगाव येईपर्यंत गाडीत ती बडगी रेखानं मांडीवरून खाली ठेवली नाही. मी म्हटलं, मागच्या सीटवर ठेव, पाय दुखतील. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे रस्ताच पाहत गाडी चालवली.

घरी आल्यावर मी बडगी पाहिली. म्हणजे मी जशी वस्तू पाहतो तशी पाहिली. काठाला एक केसासारखी चीर होती. लाकूड इतकं कोरडं, की तेलाचं बोट लावलं तर तेल डोळ्यांदेखत आत जायचं. पावसाळ्यात फुगत असणार, उन्हाळ्यात आकसत असणार. अजून चार-सहा वर्षं, की चीर तळापर्यंत जाणार. मी सहज म्हणालो, "हिला थोडं..."

"हात लावायचा नाही," रेखा म्हणाली.

"मी फक्त म्हणत होतो..."

"म्हणायचंही नाही."

इथे शहाण्या माणसानं विषय सोडला असता. पण मला त्या बडगीची खरंच काळजी वाटत होती, आणि रेखाची त्याहून जास्त. ती रोज सकाळी येऊन बडगीवरून कापड फिरवायची. ही वस्तू हिच्या हातात फुटली तर हिचं काय होईल, असं मला वाटायचं. (ती माझ्या हातात फुटेल, ही शक्यता माझ्या मनातसुद्धा आली नाही.)

मग रेखा एका लग्नासाठी माहेरी गेली आणि बडगी माझ्या स्कूटरवर बसून कारखान्यात आली.

युक्ती अगदी शास्त्रशुद्ध होती. लाकूड भट्टीत बेतानं भाजलं, की त्याची पाण्याची ओढ मरते. ते फुगत नाही, आकसत नाही, त्याला कीड लागत नाही. परदेशात अशा लाकडाची घरं बांधतात. हे सगळं मी मोबाईलवर वाचलं होतं. मजकूर लांब होता आणि मी तो खालपर्यंत सरकवला नाही, एवढीच त्यात चूक झाली. आमच्याकडे प्लास्टिकचे नमुने तपासायची छोटी भट्टी आहे. माझा सहकारी चौधरी ती सांभाळतो.

"पाटील सर, हे काय आहे?" चौधरीनं विचारलं.

"सासूबाईंची बडगी."

"भट्टीत?"

"गुण सुधारायचेत."

"कोणाचे?" चौधरी म्हणाला, पण त्यानं दार उघडलं.

दुपारपर्यंत साऱ्या कारखान्यात गूळ करपल्याचा वास सुटला. पॅकिंगच्या बायका बाहेर येऊन कुठे गुऱ्हाळ लागलंय ते बघून गेल्या. पण मी आणि चौधरीनं बडगी बाहेर काढली. काय रूप आलं होतं तिला! जुन्या शिसवीसारखा काळसर तजेला. वजन हलकं. मी तिच्यावर पाणी शिंपडलं, तर थेंब अळूच्या पानावर राहतात तसे वर राहिले. आत शिरायचं नाव नाही. मी चौधरीला हात मिळवला. त्यानंतर आठवडाभर त्या भट्टीतल्या प्रत्येक नमुन्याला गुळाचा वास येत होता, हे वेगळं.

रेखा परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं बडगीकडे पाहिलं.

"ही काळी का झाली?"

"उन्हात ठेवली होती."

"थंडीतल्या उन्हात?"

"दिवसभर ठेवली होती."

तिनं बडगी उचलली. "आणि हलकी का लागते?"

"तू माहेरून आलीयेस. चार दिवस खाऊनपिऊन..."

तिनं वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बडगीकडे पाहिलं. ती खरोखर सुंदर दिसत होती, आणि मला वाटतं तेवढ्यावरच मी त्या दिवशी वाचलो. रेखानं फोन उचलला आणि अक्कांना येत्या रविवारचं आवतण दिलं. शेजारचे कोल्हे काका-काकू, चौधरी आणि त्याची मंडळी, आणखी गल्लीतली दोन-तीन घरं. पहिलं भरीत. आमच्या कॉलनीत एक मोकळा प्लॉट आहे, तिथे काड्यांवर वांगी भाजायची ठरली.

शनिवारी सकाळी रेखा भाजीबाजारात गेली, आणि मी म्हटलं, जरा चाचणी घेऊ. बोटाच्या पेरानं काठावर वाजवून पाहिलं. पूर्वी ती बडगी ढप्प वाजायची. आता टण्ण वाजली. कपबशी वाजते तशी. मुसळ घेऊन मी आत एक टोला दिला. टोला म्हणजे काय, दारावर अनोळखी माणूस टकटक करतो तेवढाच. काठावरची ती केसासारखी चीर उठली आणि माझ्यादेखत बोटभर चालून आली.

तेव्हा मी मोबाईल काढून तो मजकूर खालपर्यंत सरकवला. तिथे लिहिलं होतं, की भाजलेल्या लाकडाचा चिवटपणा बराच कमी होतो आणि जिथे धक्के बसतात अशा कामासाठी ते वापरू नये. ठेचणे हा शब्द तेवढा तिथे नव्हता.

मी चौधरीला फोन लावला. चौधरी म्हणाला, "लाकूड ऐकत नसेल तर लोखंड लावा." बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात, ती कशी? कडं तापवून मोठं करायचं, चाकावर चढवायचं, वरून पाणी ओतायचं. गार होताना कडं आकसतं आणि लाकडाला असं आवळतं, की पुढे चाक खड्ड्यातून जावो की नाल्यातून, आरे हलत नाहीत. ही गोष्ट मी शिकलेलो होतो, मला आवडतही होती. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आम्ही पट्टी वळवून कडं जोडलं, लाल केलं, बडगीला घातलं, पाणी ओतलं. चर्र झालं, धूर झाला, आणि चीर मिटली. पार मिटली. नखसुद्धा अडकेना.

"आता हत्ती नाचू दे," चौधरी म्हणाला.

घरी रेखा दारातच उभी होती.

"हा पट्टा कसला?"

"दागिना समज."

"खरं सांगा. फुटली का ही?"

"फुटू नये म्हणूनच लावलाय," मी म्हणालो, आणि हे अगदी खरं होतं.

तिनं बराच वेळ काठावरून बोट फिरवलं. "हे बघा," ती हळूच म्हणाली, "उद्या अक्का येतेय. मला दुसरं काही नको. तिनं बघावं, की माझ्याकडे बडगी राबते. एवढंच." आणि ती पुऱ्यांची कणीक काढायला आत गेली. मला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की म्हटलं, लोखंडावर विश्वास ठेवू.

रविवारी अक्का आल्या त्या विकासच्या पिकअपमधून, पुढच्या सीटवर, मांडीवर हिरव्या वांग्यांची टोपली घेऊन. मागे केळीचे घड, कपाशीच्या काड्यांचा भारा आणि विकासची बायको. अक्कांनी पाणीसुद्धा न पिता विचारलं, "बडगी कुठी हाये?"

प्लॉटवर सतरंजी टाकली होती, मधोमध बडगी. अक्का तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

"कायी कसी झाली वो?"

"तेल पाजलं, अक्का," मी म्हणालो.

"अन् हे कडं?"

"मजबुतीसाठी."

"मजबुतीले?" अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या आत्याबाईनं ठेचलं, मी ठेचलं, उभ्या गावानं ठेचलं. ते काय बिनमजबुतीचं व्हतं?" पण रेखा समोर उभी होती, तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी वांग्यांची टोपली पुढे ओढली.

काड्या पेटल्या, वांगी भाजली, सालं निघाली. वास असा सुटला, की पलीकडच्या गल्लीतली दोन माणसं काही कारण काढून येऊन उभी राहिली. विकासनं बाह्या वर केल्या आणि मुसळाला हात घातला. आणि मी म्हणालो, "थांब. मी ठेचतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे सासरच्या माणसांसमोर जावयानं काडी इकडची तिकडे करायची नसते. जावयाला खुर्ची देतात, ती उन्हातून सावलीत सरकवायलाही दुसरा माणूस येतो. अक्का तर उठूनच उभ्या राहिल्या.

"जवाई ठेचतीन? अन् विकास बसीन? लोकं काय म्हनतीन, बाप्पा?"

"आवड आहे मला," मी म्हणालो.

"कधीपासून?" रेखानं विचारलं.

मी मुसळ घेतलं आणि ठेचायला लागलो. ठेचायला म्हणजे, वांग्यांना नुसतं टेकवायला. तान्ह्या मुलाला थोपटतात त्या हातानं. मिरच्या जशाच्या तशा अख्ख्या. लसणाची पाकळी इकडून तिकडे घरंगळायची आणि परत यायची. कोल्हे काका घड्याळात बघायला लागले. चौधरीला सगळं माहीत होतं. तो बडगीपासून दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, ते मला दिसलं.

"जिजाजी," विकास म्हणाला, "वांगं झोपलंय का? उठवू नका मंग."

सगळे हसले. विकासनं माझ्या हातून मुसळ घेतलंच. मी "हळू, हळू" म्हणेपर्यंत केळीच्या घडांना सरावलेल्या त्या हातानं पहिला टोला दिला. मिरची ठेचली गेली. काही झालं नाही. विकासनं दुसरा टोला दिला.

फटाका वाजावा तसा आवाज झाला. बडगी भुईमुगाच्या शेंगेसारखी उकलली, एक अर्धी या अंगाला, एक अर्धी त्या अंगाला, आणि मध्ये वांग्यांचा ढीग. लोखंडी कडं सुटलं, जमिनीवर उभं राहिलं आणि शांतपणे गडगडत उताराला लागलं. ते कोल्हे काकांच्या स्कूटरला जाऊन धडकलं आणि तिथेच गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं. कड्याला मात्र काही झालं नव्हतं.

रेखा खाली बसली आणि दोन्ही अर्धी हातात घेऊन एकमेकांना लावून पाहिली. लहान मूल मोडलेलं खेळणं लावून पाहतं तशी. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. विकासची बायको दुसरीकडे बघत होती. अक्का काहीच बोलत नव्हत्या, आणि अक्का बोलत नाहीत असा प्रसंग मी लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता.

सतरंजीवर माणसं ताट मांडून बसलेली. पुऱ्या गार होत होत्या. वांगी सतरंजीवर. काहीतरी करायलाच हवं होतं आणि मला एकच गोष्ट येते. मी घरात पळालो आणि आमच्या कारखान्याचा टब घेऊन आलो. हा साधा टब नव्हे. तो माझ्या आयुष्यातला एकमेव यशस्वी प्रयोग. त्यात मी असं रबर घातलं होतं, की तो तिसऱ्या मजल्यावरून टाकला तरी फुटत नाही. आम्ही टाकून पाहिला आहे.

"ह्यात ठेच," मी विकासला म्हणालो. "हा फुटणार नाही. माझी जबाबदारी."

टब स्वच्छ धुऊन, पुसून वांगी त्यात गेली. विकासनं मुसळ उचललं आणि हाणलं.

टब फुटला नाही. टबानं मुसळ परत केलं. जेवढ्या जोरानं गेलं तेवढ्याच जोरानं ते वर आलं आणि त्याच्यासोबत अर्धं वांगं आलं. ते चौधरीच्या पांढऱ्या शर्टावर बसलं. विकासला वाटलं, हात नीट बसला नाही. त्यानं आणखी जोर लावला. टबानंही लावला. या वेळी मुसळ विकासच्या डोक्यावरून गेलं आणि भरीत चहूकडे उडालं. कोल्हे काकूंच्या केसांत मिरची. अक्कांच्या चष्म्याच्या एका काचेवर वांगं, दुसरी काच स्वच्छ; त्या स्वच्छ काचेतून त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सोड रे, विकास!" मी ओरडलो.

"मी कुठी धरलंय? तेच मले सोडत नही," विकास म्हणाला. मुसळ उड्या मारत होतं आणि तो त्याच्यामागे.

शेवटी रेखानं टबाचा काठ धरला. "सगळे मागे व्हा," ती म्हणाली. तिनं बाह्या सारल्या, टबासमोर बसकण मारली आणि पितळी तांब्याच्या बुडानं वांगी दाबून दाबून घोटायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराचं होतं असं आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवलं. थोड्या वेळानं अक्का चष्मा पुसून तिच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी दुसरा तांब्या घेतला. मग विकासची बायको आली, मग केसांतली मिरची काढून कोल्हे काकू आल्या. चौघी चार बाजूंनी टब दाबून धरत होत्या आणि घोटत होत्या. फोडणी पडली, कांद्याची पात पडली, शेंगदाणे पडले. भरीत झालं.

आणि भरीत चांगलं झालं! माणसं मागून मागून खात होती. पलीकडच्या गल्लीतली ती दोन माणसंही बसली. मला कोणी वाढलं नाही, पण ते रागानं नव्हे; मी खुर्चीवर न बसता टबामागे लपून बसलो होतो, म्हणून.

जेवणं झाल्यावर रेखा बडगीची दोन्ही अर्धी ओच्यात घेऊन अक्कांसमोर गेली.

"घेऊन जा, अक्का," ती म्हणाली. "वहिनीला द्यायला पण उरली नाही माझ्याकडून."

अक्कांनी एक तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "मी काय म्हनलं व्हतं तुले?"

"राबती दिसली पाहिजे."

"मंग? उभ्या गल्लीसमोर, वांग्यानं भरेल असतानी फुटली. राबता राबताच गेली. टीव्हीखाली तं नही फुटली ना?" त्यांनी पदरानं रेखाचं तोंड पुसलं. "रडू नको. पहूर गावाले सुतार हाये, नवी कोरून घिऊ. ती तुह्यीच." मग त्या माझ्याकडे वळल्या. मी टबामागून अर्धा बाहेर आलो होतो. "पन जवाईबुवांच्या घरात नही ठिवायची."

रेखा रडता रडता हसली. त्या हसण्यासाठी मी आणखी दोन टबांत वांगी उडवून घेतली असती.

नवी बडगी आली. ती शेजारी कोल्हे काकूंकडे राहते. जुन्या बडगीचे दोन तुकडे अक्का गावी घेऊन गेल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही रावेरकडे गेलो, तेव्हा दारात एका अर्ध्या तुकड्यातून बकरी पाणी पीत होती. आले-गेले विचारतात, की एवढं चांगलं लाकूड बकरीला का? अक्का सांगतात, "आमच्या जवाईबुवांनी केलंय. थेंब पित नही बरं का लाकूड. मोठं काम हाये त्यायचं, वस्तू मजबूत करतत." हे त्या इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगतात, की विचारणारा माझ्याकडे आदरानं बघतो.

आता दर हिवाळ्यात आमच्याकडे भरीत असतं. त्या दिवशी बडगी कोल्ह्यांकडून आमच्याकडे येते आणि मला धुळ्याला माझ्या आईकडे पाठवतात. मागच्या खेपेला मी पोचलो, तर घर मोकळं मोकळं दिसत होतं. ओट्यावर काही नाही, मोरीत बादली नाही, बसायला पाट नाही.

"काय झालं, माय? सामान कुठे गेलं?"

"रेखाना फोन उन्हा व्हता," आई म्हणाली. "लोखंडना तवा, लाकडना पाट, प्लास्टिकनी बादली, बठ्ठं मांगनी खोलीमा टाकीसन कुलूप लायेल शे. तू खाले बस, मी चहा मांडस."

मी खाली बसलो. माझ्या हाताला लागेल ते सारं कुलपात होतं. स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा तेवढा बाहेर होता; जड असल्यामुळे कोणाला हलवता आला नसावा. दगड हा काही माझा विषय नाही. त्यात खडू घालता येत नाही, रबर घालता येत नाही, आणि भाजूनही फरक पडत नाही. मी त्याच्याकडे पाहायचंच नाही असं ठरवलं होतं. पण शेजारीच होता म्हणून सहज बोट फिरवलं. मधोमध अगदी गुळगुळीत झाला होता. फार काही करायला नको होतं, नुसतं जरासं...

"हात काढ तो," आई चहा गाळता गाळता म्हणाली. तिची माझ्याकडे पाठ होती.